भिंत अजून तयार नाही

येडशीत सरांचं घर शोधायला नाव लागत नाही. स्टँडवर उतरायचं आणि ‘काम चालू असलेलं घर’ विचारायचं. टपरीवरचा चहावाला हातातली गाळणी न सोडता हनुवटीनं दिशा दाखवतो. नवख्याला वाटतं, नवीन बांधकाम निघालंय. बांधकाम कधीच झालंय. पुढच्या स्लॅबच्या दोन खोल्या सरांच्या नोकरीतल्या, मागचं माळवद त्यांच्या आजोबांच्या वेळचं. राहिलाय तो फक्त बाहेरून रंग. अर्थात ‘राहिलाय’ असं सरांपुढं म्हणायची सोय नाही. “राहायला ती काय उधारी हाय? भिंत अजून तयार नाही, एवढंच.”

सर म्हणजे हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. नाव मुद्दामच देत नाही. एक तर गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही. दुसरं म्हणजे असाच एक सर ढोकीत आहे, एक येरमाळ्यात आहे आणि बार्शीत तर गल्लीला एक निघेल. ही जात कामचुकारांची नाही, हे आधीच सांगून टाकतो. कामचुकार दुपारपर्यंत झोपतो; सर पहाटे पाचला भिंतीपाशी असतात. शर्टाच्या खिशात पूर्वी लाल-निळी पेनं असायची. आता तिथं खरवडायची पत्ती, तारेचा छोटा ब्रश आणि जुन्या काळचा जाडजूड रुपया असतो. डोक्याला टॉवेल. भुवया पांढऱ्या. त्या वयानं पांढऱ्या झाल्यात की पोपड्यांच्या भुकटीनं, हे घरच्या काकूंनाही सांगता येत नाही.

कोणाच्याही घरी गेले की यजमानाला नमस्कार करण्याआधी सर भिंतीवरून हात फिरवतात आणि तळवा उलटा करून बघतात. तळव्याला भुकटी लागली की एक लांब हुंकार येतो. “खडू झालाय.” मग धडा सुरू. उन्हानं रंगातला चिकटपणा मरतो, उरलेली पूड भिंतीवर नुसती बसून असते. त्या पुडीवर नवा रंग दिला तर तो पुडीला धरतो, भिंतीला नाही. पहिल्या पावसात दोघं हातात हात घालून खाली येतात. हे सर बारशालाही सांगतात. एकदा सांत्वनाला गेले होते. घरचा कर्ता माणूस सरांच्या गळ्यात पडून “असं कसं झालं हो सर?” म्हणून रडला, तेव्हा त्याच्या खांद्यावरून कोपऱ्याकडं बघत सर हळूच म्हणाले, “पॅरापेटमधून पाणी जिरतंय.”

पेंटर लोकांत सरांचं नाव पार कळंब-बार्शीपर्यंत गेलंय. तरी एक हिंमतवान निघाला. मोटारसायकलवरून न उतरताच त्यानं डोळ्यांनी घराला टेप लावला.

“सर, अंगावर देऊन टाका. चार दिवसांत उरकतो.”

“पहिल्या दिवशी काय करणार?”

“पुट्टी मारायची.”

“कशावर?”

“भिंतीवर.”

“भिंत कुठंय?”

पेंटरनं सरांकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, परत सरांकडं बघितलं. “ही काय.”

सरांनी खिशातला रुपया काढला. हल्लीचा रुपया हलका, त्याचा आवाज उमटत नाही, म्हणून हा जुना जपून ठेवलेला. खिडकीच्या बाजूनं त्यांनी वाजवत आणलं. टक्. टक्. टक्. भद्द.

“हे भद्द कुठून आलं?”

“आतनं.”

“बरोबर. गिलाव्यानं भिंत सोडलीय. मधी हवा हाय. तू पुट्टी हवेवर मारणार का?”

पेंटर गाडीवरून उतरला. तिथंच त्याचं चुकलं. दुपारपर्यंत सर रुपयानं वाजवत पुढं आणि तो खडूनं गोल काढत मागं. उन्हं कलली तेव्हा भिंतीवर गोलच जास्त आणि भिंत कमी दिसत होती. “सर, एवढं सगळं तोडलं तर ऱ्हातंय काय?” असं त्यानं विचारलं. सरांचा चेहरा उजळला. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलानं नेमका प्रश्न विचारला की त्यांचा असाच उजळायचा, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात.

इथं मला सरांची बाजू घ्यायलाच हवी. रंगकाम आपल्याकडं अंगावर दिलं जातं, फुटाच्या भावानं. पैसे मिळतात ते रंगाच्या कोटाचे. खरवडणं, तारेच्या ब्रशनं घासणं, पोकळ गिलावा तोडणं, भेग रुंद करून भरणं या कामाचा फूट मोजता येत नाही आणि झाल्यावर ते दिसतही नाही, कारण त्याच्यावर रंग येतो. मग पेंटरनं ते कशाला करावं? आणि घरमालकानं तरी न दिसणाऱ्या कामाचे पैसे का मोजावेत? पोपड्यांवरून झाडू फिरतो, वर प्रायमर, वर दोन हात, मालक खूश. दोन पावसाळ्यांनी तोच पेंटर परत. सरांनी यावर तोड काढली होती आणि ती बिनतोड होती: खरवड रोजानं, रंग अंगावर. खरवडायला घाई नको म्हणून हजेरी, रंगाला रेंगाळ नको म्हणून फुटाचा भाव. फक्त रोजाचं काम संपलं हे ठरवणार कोण, एवढा एक मुद्दा करारात राहून गेला.

ठरवणार अर्थात सर. पेंटरनं खरवडलेल्या जागेवर सर पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवायचे आणि खसकन ओढायचे. पट्टीला एवढासा जरी पोपडा आला तरी ती जागा नापास. तिसऱ्या दिवशी पेंटर जेवायला म्हणून गेला, तो गेलाच. परांची तशीच राहिली. काकूंनी बांबूंवर आधी कपडे वाळत घातले, मग वाळवणं, आणि पावसाळ्यात कडेला दोडक्याचं बी टाकलं. सामान न्यायला पेंटर आला तेव्हा वेल पार छज्ज्याला गेला होता. काकूंनी त्याला म्हटलं, “वेल निघाल्यावर बांबू ने. तोवर हे घे.” किलोभर दोडके घेऊन तो गेला.

आता कोणी म्हणेल, पेंटर पळाला तर सरांनी स्वतः रंग का दिला नाही? त्यात अडचण आपल्या जिल्ह्याच्या हवापाण्याची आहे, आणि ती सरांनी बनवलेली नाही.

पावसाळ्यात रंग देता येत नाही, हे तर कोणीही सांगेल. परतीचा पाऊस गेला की भिंत वाळायला सोडायची. वाळली का, हे सर असं बघतात: हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी पट्टीनं चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी उघडायचा. आतल्या बाजूला दव धरलं असेल तर भिंत ओली. तो कागद कोरडा निघेपर्यंत दिवाळी होऊन जाते. मग पोकळ गिलावा तोडून नवा करायचा, त्याला आठवडाभर पाणी मारायचं. नव्या गिलाव्यावर लगेच रंग चालत नाही, 28 दिवस थांबा असं कंपन्याही सांगतात, कारण ताज्या सिमेंटातला क्षार रंग खातो. पण 28 हा आकडा सरांना पटत नाही. “भिंतीला काय कॅलेंडर वाचता येतं?” ते लिटमस कागद घेऊन बसतात. पाणी साधं चालत नाही म्हणून बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणलेली. गिलाव्याचा ठिपका ओला करायचा, लाल कागद दाबून धरायचा. कागद निळा झाला की सर समाधानानं मान हलवतात, “अजून हाय.” असं करत करत लिटमस लाजेनं जरा फिका निळा व्हायला लागतो, तेव्हा मार्च उजाडलेला असतो. आता फक्त भिंत धुवायची, वाळवायची आणि रंग.

मार्चमध्ये येडशीत भिंत धुवायला पाणी मागून बघा.

उत्तरेच्या भिंतीवरचं शेवाळ नुसत्या घासण्यानं जात नाही. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर पाण्यात कालवून मारायची, थोडा वेळ ठेवायची, ब्रशनं घासायची आणि भरपूर पाण्यानं धुवायची. ‘भरपूर’ हा शब्द लिहिताना माझाच हात अडखळतो. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं जाऊ लागलं, ते कुर्डुवाडीकडून आमच्या येडशीच्याच लाइननं. आधी 10 डब्यांची गाडी, पुढं 50 डब्यांची, डब्यात 50 हजार लिटर. सर गाडी बघायला गेले होते. परत आल्यावर जेवताना म्हणाले, “अर्ध्या डब्यात आपल्या चारी भिंती धुऊन झाल्या असत्या.” काकूंनी पुढ्यातली भाकरी तशीच ठेवली. “लातूरच्या बायका घागरीसाठी भांडायल्यात आन तुम्हाला भिंत धुवायचीय व्हय?” सर त्या दिवशी भिंतीजवळ गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले.

मग मृगाचा पाऊस येतो. पाणीच पाणी. वाळायला ऊन नाही.

काळ कसा जातो बघा. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन होती तेव्हा धाराशिवच्या माणसाला रेल्वेसाठी येडशीला यावं लागायचं, एवढा आमच्या स्टेशनाचा तोरा. ती लाइन उखडली, रुंद आली, 2008 पर्यंत कुर्डुवाडीची जोडणी पुरी झाली आणि खुद्द धाराशिवला स्टेशन झालं. महामार्ग चौपदरी झाला. जिल्ह्याचं नाव बदललं. सरांची भिंत तयार होतेय.

भिंतीवरच्या भेगांत सरांचा खरा जीव. त्यांच्या मते भेगा दोन तऱ्हेच्या, जिवंत आणि मेलेल्या. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग जिवंत. पाया काळ्या मातीवर. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि घराला वर्षातून दोनदा हलवून बघते. मे महिन्यात भेगेत नख जातं, श्रावणात केस जात नाही. सर शाळेतला असतो तसा व्हर्नियर कॅलिपर विकत घेऊन आलेत. वहीत महिन्याला एक नोंद. मी विचारलं, “मग भरायची कधी?” सर म्हणाले, “उन्हाळ्यात भरली तर पावसाळ्यात मिटताना भरलेलं बाहेर ढकलते. पावसाळ्यात भरली तर उन्हाळ्यात उघडताना तोडते.” मग दोन्हीच्या मधी? “मधी मला लिटमस असतो.”

खरं म्हणजे याला उपाय आहे आणि तो सरांनीच मला शिकवलाय. जिवंत भेगेत सिमेंट कोंबायचं नाही. छन्नीनं ती थोडी रुंद करायची, म्हणजे मालाला बसायला जागा मिळते; धूळ ब्रशनं काढायची; मग रबरासारखा ताणणारा, बाहेरच्या भिंतीसाठीचाच फिलर भरायचा. तो भिंतीबरोबर हलतो. घरातल्या भिंतीला वापरायची पुट्टी बाहेर लावली की ती पाणी पिऊन फुगते, हेही त्यांचंच. गावात या पद्धतीनं कितीतरी भेगा बुजल्या आणि टिकल्या. सरांची उघडी आहे, कारण तिच्या नोंदी चालू आहेत.

मेलेली भेग मागच्या माळवदाला आहे, दगडी भिंतीत, खिडकीच्या वर. ती 30 सप्टेंबर 1993 ची. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. तिकडं गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. इकडं येडशीत लोक अंधारात अंगणात येऊन उभे राहिले. सकाळी उजाडल्यावर सरांच्या आईला ती भेग दिसली. या भेगेवर सर विनोद करत नाहीत, आणि कोणी केला तर उठून जातात. पुढं केव्हातरी त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवली आणि तिच्यावर तारीख घातली. भिंत तसूभर हलली तरी काच तडकणार, असा हिशेब. इंजिनिअर लोकही असंच करतात. काच आजवर शाबूत आहे. म्हणजे भेग मेलेली. म्हणजे आता खुशाल बुजवावी. मी तसं सुचवलं. सर काचेवरची धूळ बोटानं पुसत म्हणाले, “मेलेल्याला घाई नसते.”

याच माळवदाच्या भिंतीला, सर नोकरीनिमित्त बाहेर असताना, कोण्या हुशार गवंड्यानं खालून चार फूट सिमेंटचा गिलावा मारून ठेवला होता. भिंत दगड-मातीची. जमिनीची ओल तिच्यात चढणार आणि बाहेरून वाळून जाणार, हा तिचा जुना रिवाज. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं. ओल वर वर चढत गेली, गिलाव्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुटला आणि दगडामधली माती भुसभुशीत होऊन गळायला लागली. सरांनी सगळं सिमेंट काढलं, दगडांमधल्या दर्जा मातीनं आणि चुन्यानं भरल्या. हे एक काम त्यांनी सुरू करून संपवलं, याला गाव साक्षी आहे.

चुन्याबद्दल सरांना आदर आहे. आमच्या शेजारी येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्रातली यात्रा भरते, तेव्हा लाखांनी माणसं रानात चुनखडे वेचतात आणि त्या खड्यांचा चुना देवीच्या मंदिराला दिला जातो. सर न चुकता जातात. “देवीला दर वर्षी नवा चुना लागतो,” ते परतताना जीपमध्ये म्हणाले, “आन तुमची कंपनी दहा वर्षांची वॉरंटी देते.” जीपमध्ये रंगाचा एक दुकानदार बसला होता. त्यानं येडशी येईपर्यंत बाहेर बघितलं.

तर मागच्या भिंतीला चुनाच. आणि चुन्याला तयारी फार लागत नाही: झाडणीनं भिंत झाडली, पाण्याचा हबका मारला की झालं. घटस्थापनेच्या आधी काकू बादलीत चुना भिजत घालतात, फडक्यानं गाळतात, डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ टाकतात, पदर खोचतात आणि कुंचा घेऊन सकाळी सकाळी मागची भिंत संपवून स्वयंपाकाला लागतात. त्या वेळी सर पुढच्या भिंतीवर पोपडा काढत असतात. घर मागून लखलखीत आहे. पाहुण्यांना काकू मागच्या दारानं घेतात.

रंगाच्या कंपन्यांवर सरांचा राग जुना आहे. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्ससाठी गट्टू काढला, तो कपाळावर केसांची बट आलेला खोडकर पोरगा, आपण सगळ्यांनी डब्यांवर बघितलाय. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांवर सरांचं प्रेम आहे, पण गट्टूवर आक्षेप. “एका हातात डबा, एका हातात ब्रश. पत्ती कुठंय? सगळ्या देशाला त्यानं सवय लावली, थेट ब्रशच उचलायचा.”

देशाचं माहीत नाही, पण आमच्या किराणावाल्यानं नक्की थेट ब्रश उचलला. पोराची सोयरीक जमली म्हणून ऐन जूनच्या तोंडावर, जुन्या पोपड्यांवरच, त्यानं पोपटी रंग दिला. सर रस्त्यात उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत. विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं काकूंनी देवापुढं कबूल करून घेतलं होतं. आषाढात त्या भिंतीवर पुरीसारखे फुगे आले. किराणावाला सरांना घेऊन गेला. सरांनी सदऱ्याची सेफ्टी पिन काढली, एका फुग्याला खालच्या बाजूनं टोचली. बारीक धार लागली, पाण्याची. आत कोंडलेलं पाणी पोपटी कातडीवरून ओघळत खाली आलं. “आत ओल होती. वरून तू रबराची पिशवी घातलीस. ती जाणार कुठं?” किराणावाल्यानं विचारलं, आता काय करू. सरांच्या डोळ्यांत जी चमक आली ती बघून किराणावाल्याची बायको आतून म्हणाली, “सरांना चहा द्या आन जाऊ द्या.”

स्वतःच्या घरात सरांना खरी अडचण आली ती मुलीच्या लग्नात. तारीख निघाली, घराला रंग हवा असा सगळ्यांनी लकडा लावला. सरांनी वेळापत्रक काढलं. त्यात रंगाचा पहिला हात लग्नानंतरच्या पाडव्याला येत होता. शेवटी मेव्हण्यांनी मांडववाल्याला सांगून घराच्या पुढच्या बाजूला वरपासून खालपर्यंत झालरीचा पडदा लावला. कार्य झोकात झालं. फक्त जेवणं उरकल्यावर वऱ्हाडातली माकडं... नाही, पाहुण्यांना म्हणत नाही. रामलिंगच्या घाटातली खरोखरची वानरं. 1997 साली तिथं अभयारण्य झालं, पण वानरांना हद्द दाखवलेली नाही; पंगत दिसली की ती गावात उतरतात. एकानं पडदा ओढला. व्याह्यांनी भिंत बघितली, जवळ गेले, गिलाव्याच्या ठिगळांवरून हात फिरवला. सगळ्यांचा श्वास अडकला. व्याही म्हणाले, “नवीनच बांधलंय वाटतं. चांगलं केलं, घाई केली नाही. आमच्याकडं पेंटरनं फसवलं बघा.” सरांनी त्यांना हाताला धरून उत्तरेच्या भिंतीकडं नेलं. बिदाईची वेळ टळेपर्यंत दोघं शेवाळ बघत होते. मुलगी म्हणते, माझ्या सासऱ्यांना तेव्हापासून लागण झाली.

वानरांचं आणखी एक. ती पॅरापेटवर बसून सुटलेले पोपडे उचकटतात. सर त्यांना हाकलत नाहीत. “हाताला लागेल तेवढंच काढतात. घट्ट बसलेल्याला हात लावत नाहीत. मला असा एक पेंटर मिळाला असता...”

आता एवढं वाचून तुम्हाला सर हास्यास्पद वाटले असतील तर त्यांच्या पुढच्या दाराशी जाऊन या. दाराच्या उजव्या हाताला, कुलपाच्या उंचीवर, साधारण पाटीएवढा चौकोन रंगवलेला आहे. सर निवृत्त झाले त्या वर्षी नमुना म्हणून त्यांनी तेवढ्या जागेची सगळी तयारी केली: खरवडली, धुतली, वाळवली, भरली, घासली, प्रायमर लावला आणि दोन हात दिले, दोन्हींच्या मधे पुरता वेळ सोडून. फिकट बदामी. त्यावर तेव्हापासूनचं सगळं ऊन आणि सगळे पाऊस गेलेत. हात फिरवा, तळव्याला काही लागत नाही. चिकटपट्टी ओढा, कोरी येते. रुपया वाजवा, टक्. किराणावाल्यानं त्या काळात घराला पोपटी, गुलाबी, निळा असे रंग देऊन पाहिले आणि प्रत्येकाचे पोपडे सरांनी ओट्यावर बसून मोजले. खुद्द तो पळालेला पेंटरही हल्ली नवीन पोरगा कामाला घेतला की त्याला मोटारसायकलवर आणतो, लांब उभं करून तो चौकोन दाखवतो आणि सर बाहेर यायच्या आत गाडी वळवतो.

उरलेली भिंत आता त्या चौकोनाला जुळवायची, तर तो बदामी रंग कंपनीनं बंद केलाय. सर नवीन शेडकार्ड मागवून बसलेत. शेडकार्ड घरात बघू नये, ज्या भिंतीवर रंग यायचा तिथं, सकाळच्या आणि दुपारच्या उन्हात बघावं, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते बरोबरच आहे. सध्या दुपारी आभाळ येतंय.

तेव्हा वाचकहो, बाहेरच्या भिंतीचं काम काढणार असाल तर पावसाळा उलटल्यावर, भिंत वाळल्यावर काढा. खरवडीचे पैसे वेगळे द्या. आणि सुरुवात करण्याआधी सरांना जरूर विचारा. मात्र फोनवर विचारा, घरी बोलावू नका. नंबर पेंटरकडं मिळेल. त्यानं तो ‘उचलू नये’ या नावानं ठेवलाय.